नळी काढून तीन महिने झाले, पोराचा श्वास वाजतोय. भूल न देता आत बघता येतं का?

शिरोलीचा_टर्नर (रात्री ११.५२)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत सीएनसी लेथवर चौदा वर्षं झाली. इथं एरवी गाड्यांच्या इंजिनांबद्दल लिहितो, आज पोराबद्दल लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा २८व्या आठवड्यात झाला. वजन १०८० ग्रॅम. ओंजळीत मावला असता, पण हातात घ्यायला मिळाला एकविसाव्या दिवशी. जन्मल्या जन्मल्या श्वासनळीत नळी घातली आणि व्हेंटिलेटर लावला. फुप्फुसं उघडायचं औषधही त्या नळीतूनच दिलं. पाचव्या दिवशी नळी काढली, दुसऱ्या दिवशी परत घालावी लागली. आठव्या दिवशी मध्यरात्री ती आपोआप निघाली, परत घातली. बाराव्या दिवशी एकदाची निघाली. मग नाकातून सीपॅप, म्हणजे दाबानं हवा देणारं यंत्र, मग नुसता ऑक्सिजन. ५८ दिवसांनी घरी आणला तेव्हा १९०० ग्रॅमचा होता. पोरगं जगलं ते त्या नळीमुळं, हे मला पक्कं माहीत आहे. भांडायला आलेलो नाही.

आता चार महिन्यांचा झालाय, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबानं सव्वा महिन्याचा. वजन ३६०० ग्रॅम. घरी आल्यावर तीन आठवडे सगळं निवांत होतं. मग आवाज सुरू झाला. आधी फक्त रडताना, आता दूध पिताना आणि झोपेतही. एअर गनचा पाइप चिमटीत दाबला की हवा कशी चिरकत जाते, तसा. श्वास आत घेताना जास्त, सोडताना कमी, पण दोन्हीकडं आहे. दूध पिताना पाच-सहा घोट झाले की तोंड सोडतो, दम खातो, परत धरतो. जोरात रडला की गळ्याखालची खळी आत ओढली जाते. मोबाइलवर शूटिंग करून ठेवलंय.

आधी कफ म्हणून आठवडाभर वाफारा झाला. फरक नाही. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ओपीडीतच नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं. म्हणाले, स्वरयंत्राचं वरचं सगळं ठीक आहे, स्वरतंतू दोन्ही हलतायत, अडचण त्याच्या खाली दिसते. नळीमुळं आतून इजा होऊन जागा अरुंद झाली असेल. पुण्याला नेऊन भूल देऊन बघावं लागेल.

भूल म्हटल्यावर घरात सगळे गार पडलेत. बायको दोन दिवस जेवलेली नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय एवढं सगळं निघालंय. मग साडेतीन किलोच्या पोराचा गळा बाहेरून बघता का येत नाही? आम्ही सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली पोकळी, बघायला बोरस्कोप नावाची बारीक दुर्बीण घालतो, इंजिन खोलत नाही. पुतण्या म्हणतो अमेरिकेत प्रकाशानं स्कॅन करायचं एक तंत्र आहे, ओसीटी. ते इथं कुठं होतं का?

डिस्चार्ज कार्डवर फक्त ‘व्हेंटिलेटर ११ दिवस’ एवढं लिहिलंय. अजून काय माहिती द्यायला हवी ते सांगा.

गडहिंग्लजकर (सकाळी ६.१०)

घाबरू नका हो. माझ्या भाच्याचा गळा असाच वाजायचा, वर्षाचा झाला आणि आपोआप गेलं. छातीला वेखंड लावा, संध्याकाळी ओव्याची धुरी द्या. एवढ्याशा जिवाला भूलबिल नको.

सिस्टर_मिरज (सकाळी ९.३५)

गडहिंग्लजकर, राग मानू नका, पण धुरी अजिबात नको. ज्याच्या श्वासाच्या वाटेत आधीच जागा नाही त्याला धूर द्यायचा? ओव्याचा नको, लोबानाचा नको, उदबत्तीचाही नको. बावीस वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत काढलीत मी. घरून धुरी घेऊन परत आलेली लेकरं या हातांनी ऑक्सिजनवर घेतली आहेत. तुमच्या भाच्याचा गळा मऊ होता बहुतेक, तो पोटावर निजवला की आवाज कमी व्हायचा ना? ती वेगळी गोष्ट. ते बहुतेक पोरांचं आपोआप बरं होतं.

टर्नरदादा, आता तुमच्याशी. आधी एक सांगा, पोटावर घेतलं की आवाज कमी होतो का? तुम्ही लिहिलंय श्वास घेताना आणि सोडताना दोन्हीकडं वाजतो. मला ते पटकन टोचलं. आणि हृदयाजवळची ती उघडी रक्तवाहिनी बंद करायला ऑपरेशन झालं होतं का? त्यात डाव्या स्वरतंतूची नस दुखावते कधीकधी. पण तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही हलताना बघितलेत म्हणजे ते नसावं.

दुसरं, डिस्चार्ज कार्डावर जाऊ नका. त्या दवाखान्यात जा, रेकॉर्ड सेक्शनला अर्ज द्या आणि नर्सिंग चार्टची झेरॉक्स मागा. तुमच्या पोराची फाइल आहे, मिळते. त्यात बघा: नळीचा नंबर काय होता, २.५ की ३.०? ओठाशी किती सेंटिमीटरवर चिकटवली होती? किती वेळा घातली, आणि घालताना एका प्रयत्नात गेली की तीन लागले? लीक, म्हणजे नळीच्या बाजूनं हवा सुटते असं, लिहिलंय का? हे पुण्याच्या डॉक्टरांना तुमच्या सगळ्या एक्स-रेंपेक्षा जास्त कामाचं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, आत काय होतं ते. हजार ग्रॅमच्या बाळाला नळी ओठाशी ७ सेंटिमीटरवर बांधतात. वजनात सहा मिळवायचे, असा हिशेब. चिकटपट्टी लावायची ती वरच्या ओठावर, आणि तिथं लाळ. पट्टी भिजते, सैल होते. बाळाचं डोकं नुसतं वळलं तरी नळीचं टोक आत वरखाली होतं, अख्खी श्वासनळीच चार सेंटिमीटरची. म्हणून पट्टी बदलताना आम्ही दोघी लागायचो, एक नळी धरायला आणि एक पट्टी लावायला. रात्रपाळीत दुसरी मिळाली नाही की मग जे होतं ते तुमच्या पोराला आठव्या दिवशी झालं. कुणाचा हलगर्जीपणा म्हणून सांगत नाही. तीन बाळांमागं एक सिस्टर असेल तर ती दोन हातांनी काय काय धरणार.

आणि एक्स-रेचं. तो आम्ही रोज काढायचो, पण कशासाठी? नळीच्या अंगावर एक निळी रेघ असते ती एक्स-रेत पांढरी दिसते, तिचं टोक कुठं आहे ते बघायला. नळीभोवतीची कातडी कशी आहे ते त्यात दिसत नाही. नळी बसलेली असताना तिच्याबाहेर काय चाललंय हे आम्हाला कशातच दिसायचं नाही. एकच खूण होती, प्रेशर दिल्यावर नळीच्या बाजूनं हवा सुटल्याचा बारीक आवाज. तो आवाज आला की जिवाला बरं वाटायचं, म्हणजे नळी आवळून बसलेली नाही.

पोर निळं पडलं, दूध सोडलं, किंवा शांत असतानाही खळी आत जायला लागली तर इथं विचारत बसू नका. १०८ लावा.

कान_नाक_घसावाला (दुपारी २.२०)

सिस्टरांनी बरंच सांगितलं आहे, त्यामुळे थेट प्रश्नावर येतो. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण तुमच्या डॉक्टरांचा रोख बरोबर दिशेला आहे.

स्वरतंतूंच्या लगेच खाली क्रिकॉइड नावाची कूर्चा असते. श्वासनळीतल्या बाकीच्या कड्या मागे उघड्या असतात, घोड्याच्या नालेसारख्या. ही एकच पूर्ण गोल आहे, अंगठीसारखी. त्यामुळे आत सूज आली तर तिला बाहेर पसरायला जागा नाही, ती आतच येणार. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात ही जागा साधारण ४.५ ते ५.५ मिमी असते, ४ मिमीच्या खाली गेली की आम्ही अरुंद म्हणतो. कमी दिवसांच्या बाळात मुळातच त्याहून लहान. नळीचा दाब आतल्या नाजूक पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या दाबापेक्षा जास्त झाला की तिथला रक्तपुरवठा थांबतो, पडदा सोलवटतो, मग जखम, मग व्रण. व्रण आकसतो, आणि हे आकसणं नळी काढल्यानंतर काही आठवड्यांनी जाणवायला लागतं. तुमचे ते निवांत तीन आठवडे त्यातले. दुसरी शक्यता म्हणजे सिस्ट. व्रणाखाली चिकट पाणी बनवणाऱ्या ग्रंथींचं तोंड बंद होतं आणि त्या फुग्यासारख्या भरत जातात. हे प्रकरण तर पोर घरी गेल्यावर, कधी काही महिन्यांनीच वर येतं.

आता स्कॅन. एक्स-रेत हवेचा काळा पट्टा कुठे बारीक झाला एवढं कळतं, तेही पोर हललं नाही तर. सोनोग्राफी या जागेची होते, भूल लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, रुंदीचं मापही घेता येतं. पण आवाजाच्या लहरी हवेला थडकून परत फिरतात, त्यामुळे पुढची भिंत दिसते आणि मागची नाही. सीटी काही सेकंदांत होतो, मात्र किरणोत्सर्ग आहे आणि चिकटलेला कफही त्यात अरुंद जागेसारखा दिसतो. एमआरआयला पोर स्थिर हवं. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बाल-रुग्णालयात एनआयसीयूच्या आवारातच छोटं एमआरआय बसवून, दूध पाजून गुंडाळून झोपवलेल्या बाळांच्या श्वासनळीचे फोटो काढण्याचं चांगलं काम झालं आहे. आपल्याकडे त्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

मुख्य म्हणजे यातली कुठलीही तपासणी केली तरी शेवटी दुर्बीण टाळता येत नाही. अरुंद आहे हे स्कॅन सांगेल. सूज आहे, व्रण आहे की सिस्ट, मऊ आहे की टणक, हे डोळ्यांनी बघून आणि टोकाने स्पर्श करूनच कळतं. आणि सिस्ट निघाली तर त्याच भुलेत ती उघडताही येते. जागेपणी लवचिक दुर्बीण त्या जागेच्या खाली रेटणं धोक्याचं, म्हणून ओपीडीत डॉक्टर वरच थांबले. त्यांनी शहाणपणाच केला.

भुलेबद्दल भीती स्वाभाविक आहे. या तपासणीत बाळाला स्वतः श्वास घेऊ देतात, स्वरतंतूंवर बधिर करायचं औषध फवारतात आणि काचदांड्यांची कडक दुर्बीण आत नेतात. तुमच्या बोरस्कोपच्याच कुळातली. हॅरॉल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने ती रचना केली. नुसतं बघायला काही मिनिटं लागतात. खरी काळजी नंतरच्या रात्रीची. गर्भातले धरून तुमचं बाळ जेमतेम ४५ आठवड्यांचं आहे. अशी बाळं भुलेनंतर कधीकधी श्वास घ्यायला विसरतात, त्यामुळे रात्रभर मॉनिटरवर ठेवावंच लागतं. आधी हिमोग्लोबिन बघून घ्या, कमी असेल तर हा धोका वाढतो. जिथे लहान बाळांना भूल देणारे डॉक्टर, आयसीयूची खाट आणि या वयाची दुर्बीण या तिन्ही गोष्टी एका छताखाली आहेत तिथेच न्या.

जाता जाता, हा आजार आमच्या पिढीला मिळाला तोच मुळी बाळं जगायला लागली म्हणून. १९६५ साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी प्लास्टिकची नळी नाकातून घालून मुलांमध्ये दिवसेंदिवस ठेवता येते हे लिहिलं. त्याआधी सरळ गळ्याला भोक पाडायचे.

शिरोलीचा_टर्नर (दुसऱ्या दिवशी, रात्री १०.०५)

सिस्टर, डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार कसे फेडू. पोटावर घेऊन बघितलं, आवाजात काडीचा फरक नाही. हृदयाचं ऑपरेशन झालेलं नाही, औषधानंच बंद झाली होती ती वाहिनी.

सुट्टी टाकून फाइल आणली. दोन तास बसवून ठेवलं, पण दिली. नळी ३.०. ओठाशी ७. तीन वेळा घातली, दुसऱ्या वेळी दोन प्रयत्न. लीकच्या रकान्यात पहिल्या दिवशी ‘आहे’, नंतर नुसती आडवी रेघ.

मग राहवलं नाही. सर्जिकल दुकानातून ३.० नंबरची नवी नळी आणली आणि डिजिटल व्हर्निअरवर लावली. बाहेरून ४.२ मिमी. दोनदा झिरो करून मोजली. ३.० हे आतल्या भोकाचं माप! आमच्याकडं शाफ्ट कधी आतल्या मापानं सांगत नाहीत, बसायचा असतो तो बाहेरचा डायमीटर. पोराच्या गळ्याला घासत होते ते ४.२, आणि कागदावर लिहिलंय ३.०. ट्यूब हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. एवढीशी असते हो. बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जाड, पेनापेक्षा बारीक.

हिशेबही केला. ४ मिमीचा बोअर, चहूबाजूंनी १ मिमी सूज, म्हणजे उरले २ मिमी. छेद चौथाई. डॉक्टरसाहेब, हवा ओढायला जोर चौपट लागणार ना?

कान_नाक_घसावाला (रात्री १०.४०)

सोळापट. प्रवाह संथ असेल तर रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. रडताना प्रवाह खळबळतो, तेव्हा त्याहून जास्त. रडताना खळी आत जाते ती यामुळे.

सिस्टर_मिरज (रात्री ११.१५)

दादा, त्या नळीवर राग धरू नका. वजनाच्या तक्त्यात १००० ते २००० ग्रॅमला ३.० च आहे. आम्हाला अजून एक हिशेब शिकवला होता, पोटातले आठवडे भागिले दहा, त्याच्या वर नंबर जाऊ नये. २८ आठवडे म्हणजे २.८. त्या नंबरची नळीच नसते. २.५ घातली तर कफानं बुजते आणि परत बदलावी लागते, म्हणजे परत एकदा घासणं. दोन हिशेबांच्या मध्ये पडलं तुमचं लेकरू. मी असते तरी ३.० च काढून दिली असती.

ती आडवी रेघ मात्र मला आवडली नाही.

सॅन_दिएगोतला_सांगलीकर (पहाटे ४.५०, तुमच्या घड्याळानं)

ओसीटीचा उल्लेख आला म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, ऑप्टिक्सचा माणूस. तीस वर्षं इकडे मोजमापाची यंत्रं बनवली, आता निवृत्त. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर पहिल्यांदा हातात धरला होता, त्यामुळे टर्नररावांचं ४.२ वाचून फार बरं वाटलं.

ओसीटी तुमच्या घरात कुणीतरी करून घेतलेलं असणार. आजोबांच्या मधुमेहाचा डोळ्याच्या पडद्यावर काय परिणाम झाला ते बघायला हनुवटी टेकवून फोटो काढतात ना, तेच. १९९१ मध्ये एमआयटीच्या गटाने ते जगापुढे आणलं. आवाजाऐवजी प्रकाशाने केलेली सोनोग्राफी समजा. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींत जातो, वेगवेगळ्या थरांवरून परत येतो, आणि कुठल्या खोलीवरून आला ते यंत्र ओळखतं. बारकावा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. खोली मात्र एक-दोन मिलिमीटर, बस्स. डोळ्याला तेवढं पुरतं.

गंमत अशी की बाळाच्या श्वासनळीलाही तेवढं पुरतं. माझ्याकडून तासाभराच्या अंतरावर अर्वाइनला कॅलिफोर्निया विद्यापीठाची बेकमन लेझर इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या लोकांनी हे एनआयसीयूत नेलं. केसासारख्या तंतूचा प्रोब श्वासनळीतल्या नळीच्याच पोटातून आत सोडायचा. नळी पारदर्शक असते, प्रकाश तिच्या भिंतीतून आरपार जातो. प्रोब मागे ओढत आणला की कडीमागून कडी अशा चकत्या मिळतात: आधी प्लास्टिकची भिंत, मग पडदा, त्याखालचा सुजलेला थर, आणि मग कूर्चा. सिस्टर म्हणाल्या ना, नळी बसलेली असताना तिच्याबाहेर काय चाललंय ते कशातच दिसत नाही, नेमकं तेच दिसतं. दुर्बीण काय दाखवते? पृष्ठभाग. लाल आहे एवढं. लाली वरवरची की खालपर्यंत गेली हे कॅमेरा सांगू शकत नाही.

पण टर्नरराव, दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. एक, हे संशोधनातलं तंत्र आहे, दवाखान्यात जाऊन नंबर लावून करून घेण्यातलं नाही. दोन, त्याचा खरा उपयोग नळी आत असताना आहे: सूज वाढतेय का, नळी आता काढावी की लहान घालावी, हे ठरवायला. तुमच्या मुलाची नळी केव्हाच निघाली. त्याला आज हवी आहे ती डॉक्टर म्हणतात तीच जुनी काचेची दुर्बीण. माझ्या आवडत्या यंत्राची वकिली करता आली असती तर मला आवडलं असतं, पण नाही.

गडहिंग्लजकर (सकाळी ६.३०)

सिस्टर, धुरीचं माहीत नव्हतं. भाचा पोटावरच निजायचा, बरोबर आहे तुमचं. दादा, पुण्यात राहायची सोय लागली तर मेव्हण्याची खोली आहे कात्रजला, सांगा.

शिरोलीचा_टर्नर (नऊ दिवसांनी, संध्याकाळी ७.२५)

झालं. उशिरा लिहितोय.

खोलीवर दोन रात्री राहिलो, गडहिंग्लजकर, मेव्हण्यांना सांगा चावी दिली. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, भुलेच्या मॅडम म्हणाल्या चालेल. शेवटचं दूध पहाटे चारला, आत नेलं साडेआठला. बायकोनं दारापर्यंत नेलं, तिथून सिस्टरनं घेतलं. पन्नास मिनिटं लागली. मी लिफ्टसमोरच्या फरशा मोजल्या, आडव्या ३१.

डॉक्टरांनी बाहेर येऊन मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. आधी दोन पांढऱ्या दोऱ्या, हलतायत. त्यांच्यामधून दुर्बीण खाली गेली आणि डाव्या बाजूला मागं एक फुगवटा. भिजवलेला साबुदाणा असतो ना, तसा. पिवळसर, चकचकीत, आणि भोवती बारीक रक्तवाहिन्या. अर्धी वाट त्यानंच अडवलेली. बाकीच्या गोलाला पांढुरका व्रण होता, पण थोडा. त्यांनी साबुदाण्याचं वरचं टरफल उचलून काढलं, आतून घट्ट पाण्यासारखं आलं, आणि वाट एकदम मोकळी दिसायला लागली. मी तो व्हिडिओ आत्तापर्यंत चाळीसदा बघितला असेल. बायको एकदाही बघत नाही.

आणि मोजलं कसं माहिताय? मला वाटलं यंत्रावर आकडा येईल. नाही. त्याच नळ्या एकामागून एक घालून बघतात! २.५ घातली, नीट गेली, बाजूनं हवा सुटली. ३.० घातली, तीही गेली, प्रेशर २० च्या आत असतानाच हवा सुटली. या वयाला ३.५ बसायला हवी होती, तेवढी नाही. हे आमचं प्लग गेज झालं की, भोकात घालून माप तपासायचा दांडा! गो म्हणजे जायला हवा तो, नो-गो म्हणजे जाता कामा नये तो. मी डॉक्टरांना तसं म्हणालो, ते हसले आणि म्हणाले अगदी तसंच, फक्त आम्ही नो-गो रेटत नाही. मायर आणि कॉटन नावाच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये याचा तक्ता केला, कुठल्या वयाला कुठली नळी गेली म्हणजे किती टक्के वाट बंद. निम्म्यापर्यंत बंद म्हणजे पहिली पायरी, पूर्ण बंद म्हणजे चौथी. आमची पहिली. फुगा लावून रुंद करायची गरज आज नाही म्हणाले.

रात्री मात्र डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. दीडच्या सुमारास मॉनिटर किंचाळला. पोरानं श्वास थांबवला होता. मी उठेपर्यंत सिस्टरनं तळपायाला टिचकी मारली आणि तो सुरू झाला. तिला काही विशेष वाटलं नाही, माझे पाय अर्धा तास थरथरत होते. पहाटे अजून एकदा. मग नाही.

असल्या सिस्ट परत भरतात म्हणे, म्हणून चार आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, पुन्हा भूल. यावेळी घरात रडारड नाही झाली. छातीत आंबट वर येऊ नये म्हणून औषध दिलंय आणि पाजल्यावर अर्धा तास उभा धरायला सांगितलंय. तो अर्धा तास माझ्या वाट्याला आहे.

आवाज गेला असं नाही. रडताना अजून वाजतो, पण झोपेत गप्प. परवा रात्री इतका गप्प होता की आम्ही दोघं दिवा लावून बघत बसलो.

सिस्टर_मिरज (रात्री ९.१०)

वाचून डोळे भरले हो. आता दूध किती घेतो, आणि किती वेळा थांबतो?

नळीचं सगळं लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवा. उद्या कुठल्याही दवाखान्यात, हर्नियासाठी का होईना, भूल द्यायची वेळ आली तर आधी ते कार्ड पुढं करायचं आणि नंबर लहान घ्या म्हणून सांगायचं. झेरॉक्स हरवते, कार्ड हरवत नाही. आणि डोळ्याच्या पडद्याची आणि कानाची तपासणी झालीय ना?

शिरोलीचा_टर्नर (रात्री ९.३०)

डोळे झालेत, कानाची तारीख मंगळवारची आहे. दूध ६० मिली, मध्ये दोनदा थांबला. बारसं पुढच्या रविवारी, आणि धुरीचं भांडं आईनं आपणहून माळ्यावर टाकलंय.

कार्डावर लिहिलं. मागच्या बाजूला, निळ्या पेनानं: नळी ३.०, तीन वेळा, ११ दिवस. त्याच्या खाली, बाहेरून ४.२.